पहिली फेरी

मामीच्या भाकऱ्यांचा आवाज आणि माझा जाहिराती वाचण्याचा आवाज हे दोन्ही सकाळी एकदमच सुरू व्हायचे. ती ओट्यापाशी उभी राहून परातीत भाकरी थापायची आणि मी उंबऱ्यात बसून मामांच्या मोबाइलवरच्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती मोठ्यानं वाचायचो. समोरच्या घरातले चार यंत्रमाग तोवर चालू झालेले असत, त्यामुळं मोठ्यानं म्हणजे ओरडूनच वाचावं लागे. 'घरगुती वापर. एकच मालक. गाडी चांगल्या स्थितीत. फक्त गरजूंनीच फोन करावा. दलालांनी करू नये.' हे शेवटचं वाक्य आलं की मामा दाढीचा ब्रश थांबवून हसायचे. "आपण गरजूच की! आपल्याएवढं गरजू सोलापुरात दुसरं कोण हाय?" मामी आतून त्यांना कन्नडमध्ये काहीतरी ऐकवायची. नवराबायकोचं भांडण आणि लाड दोन्ही कन्नडमध्ये चालत, आणि बोलण्याच्या चढ-उतारावरून कुठलं काय ते मला कळायचं.

मी त्या घरात वाढलो. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. आईला बार्शीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि राहायची सोयही तिथंच झाली, पण मुलग्याला तिथं ठेवता येत नव्हतं. मामा एका दुपारी आले, आईच्या हातचा चहा प्याले आणि जाताना माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून चालू लागले. तेवढंच. 'घेऊन जातो' म्हणालेसुद्धा नाहीत. त्यांना मूल नव्हतं. त्या दिवसापासून मी कुठूनही घरी आलो की मामीचा पहिला प्रश्न, "ऊट आतेन, शिवू?" जेवलास का? मी जेवलो म्हटलं तरी ती ताट वाढायची. कडक भाकरी, वर शेंगांची चटणी, तिच्यात बोटानं खळगा करून दही. पुढं मी चांगलं चांगलं खाल्लं, पण त्या चटणीच्या शेजारी माझ्या जिभेनं अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

मामांचा धंदा जुन्या गाड्यांचा. मालकाकडून घ्यायची, धुऊन-पुसून दुसऱ्याला विकायची. पूर्वी हे सगळं ओळखीपाळखीनं चाले. मोबाइलवर जाहिराती सुरू झाल्या तसे मालकच थेट गिऱ्हाइकाला विकू लागले आणि दलालाला दारात उभं करेनात. मग मामांनी स्वतःची पद्धत बसवली. ते फोटोत गाडी कमी आणि तिच्या मागचं घर जास्त बघत. दारावरचं तोरण, दोरीवरचे कपडे, काचेवरचा कॉलेजचा स्टिकर. "ह्या घरात पोरगं कमवतं झालंय, नवी घ्यायची घाई हाय," असं ते सांगत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे.

पसंत पडलेल्या गाडीसाठी दोन फेऱ्या असत. दुसरी फेरी मामा-मामीची. मामी ठेवणीतली इरकल नेसायची, पिशवीत नारळ आणि हळदी-कुंकू घ्यायची, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गाडी घेणारं साधं कुटुंब म्हणून दोघं जात. दहा मिनिटांत मामी त्या घरच्या बाईला कुंकू लावून स्वयंपाकघरात पोचलेली असे. व्यवहार ठरला की गाडीपुढं तिथल्या तिथं नारळ फुटायचा. नारळ फुटला की मग सौदा मोडायचा नाही, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी घरी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, व्हायची, वर तुपाची धार.

पहिली फेरी माझी. मी एकट्यानं जायचं, कॉलेजचा पोरगा, वडिलांसाठी गाडी बघतोय म्हणून. मला बोलता येत नव्हतं, चारचौघांत शब्दच फुटायचा नाही, आणि मामांना माझ्यात हवं होतं ते नेमकं हेच. "खोटं बोलायचं न्हाय," ते बजावत. "नुसतं वाजवायचं आणि गप बसायचं." वाजवायचं म्हणजे बोटाच्या पेरानं पत्रा. सरळ पत्रा टणटणीत वाजतो. ठोकून, लांबी म्हणजे पुट्टी भरून रंगवलेला पत्रा बद्द वाजतो. आता एका जातीच्या छोट्या गाडीत डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर, कारखान्यातूनच आतला पत्रा दुहेरी येतो. तिथं नवी कोरी गाडीसुद्धा बद्द वाजते. मालकांना हे ठाऊक नसतं. मी सगळीकडं वाजवत वाजवत तिथं यायचो, दोनदा वाजवायचो, आणि गप उभा राहायचो. मालकाच्या चेहऱ्याकडंसुद्धा बघायचं नाही. 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघायचं. चार दिवसांनी मामा-मामी जात तोवर मालकाच्या मनात पाणी मुरलेलं असायचं आणि तो आपणहून भावात खाली यायचा.

आज हे कागदावर उतरवताना कळतं, की याला फसवणूक म्हणतात हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला कोणीतरी कामाचा म्हटलं होतं. एकोणीस वर्षांच्या, दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्या पोराला त्याचं केवढं अप्रूप असतं!

कुर्डुवाडीची जाहिरात मीच वाचून दाखवली होती. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले नामदेव तात्या, त्यांची त्याच जातीची राखाडी छोटी गाडी. मी सकाळच्या रेल्वेनं गेलो. तात्या दारात वाटच बघत होते. गाडीवर जाड ताडपत्री, तिचे कोपरे सुतळीनं बांधलेले. ती त्यांनी अशी सोडली की झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढताहेत.

"बघ बाबा, हात लावून बघ. खरचटलंय कुटं ते दाव," तात्या म्हणाले. "लई जपलीय. लेकीच्या लग्नानंतर घेतली, आता गुडघं साथ देत न्हाईत. तुज्या काकू म्हंत्यात, इका आन् मोकळं व्हा."

काकूंनी आतून चहा आणि शंकरपाळ्या पाठवल्या. चारेक वर्षांची नात गाडीच्या मागच्या सीटवर बसून स्टिअरिंग नसलेली गाडी चालवत होती. तात्यांचा मुलगा दत्ता साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. कामाला निघता निघता मला म्हणाला, "आमच्या तात्यांची परीक्षा घेऊ नको बरं का, तेच तुझी घेतील."

मी वाजवत गेलो. दारं, बॉनेट, मागचं झाकण. डाव्या बाजूला आलो, दोनदा वाजवलं, गप उभा राहिलो. तात्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी स्वतः वाजवून बघितलं. बद्द. पुन्हा वाजवलं. "आसं का वाजतंय?" ते स्वतःशीच म्हणाले. मामांनी शिकवलेलं इथं संपत होतं. मी निघायला हवं होतं. पण माणसाला एकदा कामाचा म्हटलं, की त्याला आणखी कामाचं व्हावंसं वाटतं. मी विचारलं, "तात्या, गाडी तुमच्याशिवाय अजून कोण चालवतं?"

हा प्रश्न माझा. मामांचा नव्हे. हे वाक्य लिहायला मला दहा-बारा वर्षं लागली.

तात्यांनी दत्ताकडं बघितलं. दत्ता पायात बूट चढवत होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंड खोलून बघितलं, त्यानं त्या दिवशी पत्रा खोलला नाही, मुलाचं तोंड वाचत बसला. मी शंकरपाळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि स्टेशनकडं चालू लागलो.

चार दिवसांनी मामा-मामी गेले आणि संध्याकाळी ती गाडी घेऊनच आले. मामीनं हुग्गीचे गहू आदल्या रात्रीच भिजत घातलेले होते. पण ती इरकल न बदलताच ओट्याशी बसून राहिली.

"त्या घरात मला कुणी आत बोलावलं न्हाय," ती म्हणाली. "बाई दारात उभी, डोळं सुजलेलं. बाप-लेक बोलत न्हाईत. लेक बायको-पोरीला घेऊन स्टेशनाजवळ खोली करून ऱ्हायलाय."

"का?" मी विचारलं, ठाऊक असून.

"लेकानं गाडी कुटंतरी ठोकली आणि गुपचूप दुरुस्त करून आणली म्हणं. लेक म्हणतोय, मी न्हाय ठोकली. बाप म्हणतोय, माझ्या हातानं वाजवून बघितलंय, लोखंड खोटं बोलत न्हाय." मामीनं पदरानं तोंड पुसलं. "आणि शिवू, तो म्हातारा आम्ही काय विचारायच्या आधीच ह्यांना म्हणाला, पावणं, फसवायचं न्हाय मला, गाडी डाव्या बाजूनं मार खाल्लेली हाय, ते धरूनच काय ते बोला."

मामा पाय धुऊन आले. "जेवायला वाढ," एवढंच म्हणाले. मामीनं हुग्गी वाढली. मी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"आपण कुटं खोटं बोललो?" मामा ताटाकडं बघत म्हणाले. कोणी विचारलंच नव्हतं.

मामांना माहीत नव्हतं की मी काय विचारून आलो होतो. गाडी आमच्या दारात उभी राहिली. कॉलेजला जाताना मी तिच्या उजव्या बाजूनं जायचो.

आठेक दिवसांनी मामा म्हणाले, "हिची जाहिरात टाक." जाहिराती लिहिणं माझंच काम. मी मोबाइल घेऊन बसलो. 'घरगुती वापर. एकच मालक.' पुढं मामा सांगत होते, मी लिहीत होतो. "लिही, अपघात न्हाय. एकबी पत्रा खोललेला न्हाय. खात्री करून घ्यावी." मी लिहिलं. शब्द न् शब्द खरा होता, आणि ते माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. जे सत्य त्या घराला आम्ही सांगितलं नाही, ते आता आम्ही अनोळखी माणसाला विकायला काढलं होतं. जाहिरात पाठवायला एक बोट टेकवायचं असतं. ते बोट मला टेकवता येईना. नेट चालत नाही असं सांगून मी उठलो.

त्या दुपारी मामी शेंगा भाजत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मामी, मी कुर्डुवाडीला जाऊन येऊ?"

तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. शेंगा हलवत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना मी सांगते, बार्शीला आईकडं गेलाय म्हणून. तू जा. माझं पण हाय त्यात. मी कुंकू घेऊन गेले होते की त्या घरात."

तात्या ओसरीवर एकटे बसले होते. ताडपत्रीची घडी शेजारी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. दुहेरी पत्र्याचं सांगितलं, दोन फेऱ्यांचं सांगितलं, ते गरजू कुटुंब म्हणजे माझेच मामा-मामी हे सांगितलं. तात्यांनी मध्येच विचारलं, "आन् ते कोण चालवतं म्हून इचारलास, ते?"

मी म्हणालो, "मामांनी शिकवलं होतं."

तोंडातून गेलं. मी सगळं कबूल करायला गेलो होतो आणि त्यातलं सगळ्यात वाईट तेवढं, माझं ताट भरणाऱ्या माणसाच्या नावावर टाकून मोकळा झालो.

तात्या ओरडले नाहीत. मारतील असं वाटलं होतं, मारलंही नाही. त्यांनी विचारलं, "गाडी हाय का अजून?"

"हाय."

ते आत गेले, एक पेचकस आणि छोटा हातोडा पिशवीत टाकून आले. काकूंना म्हणाले, "सोलापूरला जाऊन येतो." रेल्वेत आम्ही समोरासमोर बसलो. ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या हातांकडं. मध्येच एकदा म्हणाले, "नात लई इचारती हुती गाडीचं."

मामा दारातच होते. मला तात्यांबरोबर बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो मी आजही विसरलेलो नाही. तात्या त्यांच्याशी बोलले नाहीत, सरळ गाडीकडं गेले. बोटानं वाजवून बघितलं. समोरच्या मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. तात्यांनी त्या घराकडं वळून हात जोडले, "मालक, घटकाभर बंद करता का?" मागवाल्यानं काय समजून कोण जाणे, चारही माग थांबवले. दिवसा ती गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. बायका दारांत आल्या. तात्यांनी वाजवलं. बद्द. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं, पेचकसानं आतलं अस्तर सोडवलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटले. बोटं आत कुठंतरी चालत होती.

"वेल्डिंगचं टाकं हाईत," ते म्हणाले. "एका अंतरावर. एकसारखं. हे हाताचं काम न्हवं, मशीनचं हाय." मग हात बाहेर काढला आणि त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो हात त्यांच्यावर रागावला होता. "मी हे त्याच दिवशी बघायला पायजे हुतं. माझं काम हुतं हे."

त्यांनी खिशातून फोन काढला. सगळी गल्ली ऐकत होती याची त्यांना पर्वा नव्हती. "दत्ता? हां, मी. गाडीत काय न्हाय. कंपनीचंच काम हाय ते. माझ्या हातानं बघितलं." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "संध्याकाळी पोरीला घिऊन जेवाया या. व्हय, सगळी या. तुज्या आईला सांगतो मी."

मग ते मामांकडं वळले. हळू आवाजात विचारलं, "पावणं, गाडी स्वस्तात घ्याची हुती, घेतलीसा. पन ह्या पोराला, कोण चालवतं म्हून इचारायला तुमीच शिकवलंत?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. एक वाक्य होतं.

"व्हय," मामा म्हणाले. "मीच."

मामी बाहेर आली, तात्यांच्या पुढं तांब्या ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, जेवल्याशिवाय जायचं न्हाय." तात्या जेवले. का जेवले ते मला कधी कळलं नाही. चटणी पुन्हा मागून घेतली. मामांनी गाडी परत न्या म्हटलं, तर म्हणाले, "इकली ती इकली. नारळ फुटलाय. पुढच्याला तेवढं खरं सांगून इका." दुसऱ्या दिवशी मामा एकटेच कुर्डुवाडीला जाऊन भाव पाडून वाचवलेले पैसे तात्यांना देऊन आले. पहिली फेरी त्यानंतर कायमची बंद झाली. मामांनी धंदा सोडला नाही, पण फोनवर 'मी दलाल बोलतोय' असं आधीच सांगून टाकायचे. निम्मे लोक फोन ठेवून द्यायचे. हुग्गी कमी वेळा व्हायला लागली. मला ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. मी दोन-तीनदा 'मामा, त्या दिवशी…' म्हणून सुरुवात केली, तर "गप जेव" म्हणून थांबवलं.

पुढं तात्यांनीच मला सुट्ट्यांमध्ये बोलावून पत्रा बघायला, ऐकायला शिकवलं. आज लोक जुनी गाडी घेताना मला सोबत नेतात आणि मी सांगतो ते मानतात. माझं घर त्यावर चालतं. तात्या गेले. दत्ताचा दर दिवाळीला फोन येतो, आणि दरवेळी तो तेच म्हणतो, "तू त्या दिवशी आला नसतास तर आमचं घर मोडलं असतं, शिवा. तुझ्या मामानं केलं, आणि तू निस्तरलंस." मी म्हणतो, अरे सोड ते. ह्या वाक्याच्या ओझ्याखाली मी इतकी वर्षं दिवाळी केली आहे.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी ते मामांना वाचून दाखवलं. सत्तरी ओलांडलीय, कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं पुन्हा ओरडूनच वाचलं. मामी भिंतीला टेकून ऐकत होती. 'हा प्रश्न माझा' या वाक्यापाशी मी थांबलो. मामा म्हणाले, "वाच की पुढं." शेवटपर्यंत वाचलं.

"मी शिकवलं न्हवतं, हे मला ठाऊक नसंल व्हय?" मामा म्हणाले. "त्याच दिवशी कळलं."

"मग हो का म्हणालात?"

मामांनी हनुवटी चोळली. "तो म्हातारा त्याच्या दारात मला म्हणाला, गाडी मार खाल्लेली हाय, ते धरूनच बोला. तवा मला ठाऊक होतं, न्हाय खाल्लेली. लेकाच्या जोड्यांचं रिकामं स्टँड मला दिसत होतं. एक शब्द बोललो असतो तर लेक त्याच दिवशी घरी आला असता. मी नारळ फोडला. तू नुसतं विचारलंस रं, मी तर ऐकून घेतलं. मग कुणाचं नाव सांगणार होतो?"

मामी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. भांडण नव्हतं. लाडही नव्हता.

मामांनी त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. "दत्ताला लाव," म्हणाले. "त्याला अर्धंच ठाऊक हाय. तुझं तू सांग, मग माझ्याकडं दे."

दिवाळी नव्हती, काही नव्हतं. मी नंबर लावला. पलीकडं दोन घंट्या वाजल्या आणि दत्ताचा आवाज आला, "बोल शिवा, आज कशी काय आठवण?"

"दत्ता," मी म्हणालो, "त्या दिवशी तू बूट घालत होतास, तेव्हा मी तुझ्या वडिलांना एक विचारलं होतं."